एकाच गिअरची माउंटन बाइक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगल स्पीड चालवायला लागल्यापासून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. शब्द बहुतेक विचारणाऱ्यांचेच आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, किचकट नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, त्यामुळे अधूनमधून वर-खाली जावं लागेल.

१. सिंगल स्पीड म्हणजे फिक्सीच ना?

नाही. दोन्हींत पुढे पायडलपाशी एक चेनरिंग (दातेरी चक्र) आणि मागे एकच दातेरी चक्र असतं, पण साम्य तेवढंच. फिक्सीत मागचं चक्र हबला (चाकाच्या मधल्या गाभ्याला) पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. सिंगल स्पीडमध्ये फ्रीव्हील असतं. पाय थांबवले की टिकटिक करत सायकल आपली पळत राहते. खडकाळ उतारावर दोन्ही पायडलं आडवी धरून उभं राहायचं असतं, खालचं पायडल दगडावर आपटू द्यायचं नसतं. तिथे फ्रीव्हील नसेल तर हाल होतात. डोंगरवाटेवर फिक्सी नेणारेही आहेत, पण हे पान त्यांच्यासाठी नाही.

२. बारा गिअरची सायकल सहज मिळत असताना एकच गिअर का?

सगळे अपेक्षित उत्तरं देतात: वजन कमी, देखभाल कमी, चिखलात अडकायला डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) नाही, झुडपात तुटायला काही लोंबत नाही. हे सगळं खरं आहे. चेन दोन छोट्या पुलींमधून वळणं घेत जात नाही, सरळ रेषेत धावते, त्यामुळे सायकल जवळजवळ मुकी असते. उतारावर चेन फ्रेमवर आपटण्याचा खडखडाटही नसतो.

माझं कारण मात्र वेगळं आहे. गिअर नसला की वाट आधीपासून वाचावी लागते. चढ दिसला की बटण दाबायची सोय नाही, म्हणून तो यायच्या आधी वेग कमवावा लागतो आणि वळणात उगाच ब्रेक दाबलेला परवडत नाही. ज्या वाटेचा कंटाळा आला होता तीच वाट मला यामुळे पुन्हा अवघड आणि मजेची वाटू लागली.

तोटेही ऐका. लांब सपाट रस्त्यावर तुम्ही मागे पडाल. फार खड्या चढावर उतरून चालावं लागेल. आणि गिअरवाल्या मित्रांच्या वेगाशी तुमचा वेग कधीच जुळणार नाही (प्रश्न १७ पाहा).

३. हे अलीकडचं खूळ आहे का?

उलट आहे. माउंटन बायकिंगचा उगम सांगताना कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइसच्या परिसरातल्या ‘रिपॅक’ शर्यतीचं नाव निघतंच. पहिली रिपॅक शर्यत ऑक्टोबर १९७६ मध्ये झाली. तिथे उतरवल्या गेलेल्या बऱ्याच सायकली जुन्या, जाड टायरच्या आणि एकाच गिअरच्या होत्या, मागे उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक. उतारावर त्या ब्रेकचा हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. शर्यतीला नाव पडलं ते यावरूनच, रिपॅक म्हणजे पुन्हा भरणं. गिअर नंतर आले, कारण त्या सायकली वर ढकलत न्यायचा सगळ्यांना वैताग आला होता. हा इतिहास सांगून कोणाला हिणवायचं नाही. गिअर लावणाऱ्यांचं कारण अगदी रास्त होतं!

४. मी कोणता गिअर लावू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

आधी हिशेब. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा. पुढे ३२ आणि मागे १६ असेल तर उत्तर २, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दोनदा फिरतं. २६ इंची चाकांच्या काळात ‘दोनास एक’ हाच सुरुवातीचा गिअर मानला जायचा. चाकं मोठी झाली तसा तो जड पडू लागला, कारण मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. वेगवेगळ्या चाकांची तुलना करायची तर आलेल्या भागाकाराला चाकाच्या इंचांनी गुणा. याला गिअर इंच म्हणतात. २६ इंची चाकावर ३२-१६ म्हणजे ५२ गिअर इंच. साडेसत्तावीस इंची चाकावर तेवढ्यासाठी ३२-१७ लागतो, २९ इंचीवर ३२-१८.

२९ इंची सायकलसाठी माझी शिफारस अशी: चढ-उतार आहेत पण कोणताच फार लांब नाही, तिथे ३२-१८ पासून सुरुवात करा. डोंगराळ, मिश्र वाटांसाठी ३२-२०. लांब, खडे, दगडगोट्यांचे चढ असतील तर ३२-२२ किंवा ३०-२० लावायला लाजू नका.

सूक्ष्म फरक करायचा असेल तर लक्षात ठेवा: मागचा एक दाता बदलला की गिअर सुमारे ५ ते ६ टक्के बदलतो, पुढचा एक बदलला की ३ टक्के. म्हणजे मागचा एक आणि पुढचे दोन जवळजवळ सारखे. मागचं चक्र, म्हणजे कॉग, बदलणं सोपं असतं. म्हणून चेनरिंग एकच ठेवून दोन-तीन कॉग जवळ बाळगणं सोयीचं.

वेगाचा अंदाज हवा असेल तर २९ इंची चाकाचा टायरसकट परीघ साधारण २.३ मीटर धरा. ३२-२० वर पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे ३.७ मीटर जाता. मिनिटाला ९० फेरे मारलेत तर ताशी २० किलोमीटर, ६० मारलेत तर १३, आणि चढावर ४० वर आलात तर ९ च्या आसपास. ताशी ९ खाली वेग गेला की तोल आणि ताकद दोन्हींची परीक्षा सुरू होते, हे चढ बघताना मनात असू द्या.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाका: कोणताही एक गिअर बहुतेक वेळ चुकीचाच असणार. तो कुठे चुकीचा असलेला चालेल, एवढंच तुमच्या हातात आहे. बहुतेक जण वाटेतला सगळ्यात खडा चढ डोळ्यांसमोर ठेवून गिअर निवडतात आणि मग उरलेला सगळा वेळ हवेत पाय मारत बसतात. मी उलटं करतो. वाटेवर सगळ्यात जास्त वेळ ज्या चढांवर जातो ते चढ जेमतेम बसून, नाहीतर आरामात उभं राहून चढता येतील असा गिअर लावतो, आणि ती पाच मिनिटांची भिंत चालत चढतो.

५. लावलेला गिअर जड आहे की हलका, कसं ओळखू?

एका फेरीवरून काही ठरवू नका. तीच वाट निदान चार-पाच वेळा करा. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येक गिअर जड वाटतो. त्यानंतरही प्रत्येक चढाला पायडल मारताना धक्के बसत असतील, पाठ आणि खांदे मांड्यांच्या आधी थकत असतील किंवा गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, तर मागे एक दाता वाढवा. सपाटीवर सतत सीटवर उड्या मारल्यासारखं होत असेल आणि चढ मात्र गप्पा मारत होत असतील, तर एक दाता कमी करा. दोन दाते एकदम बदलू नका, मग नेमकं कशाने फरक पडला ते कळत नाही.

६. माझ्याकडची गिअरची सायकल सिंगल स्पीड करता येईल का? काय काय लागेल?

बहुधा येईल. शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची बटणं), डिरेलर, त्यांच्या केबल आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) काढायची. मागच्या फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसणारा भाग, फ्रीव्हीलचं काम हाच करतो) एक कॉग आणि उरलेली जागा भरायला दोन्ही बाजूंना स्पेसर घालून लॉकरिंग (हे सगळं जागेवर धरणारी चकती) आवळायची. पुढे एकच चेनरिंग. पुढे दोन-तीन चेनरिंग असतील तर मधली ठेवायची आणि बोल्ट आखूड वापरायचे, कारण लांब बोल्ट पूर्ण आवळले जात नाहीत. शेवटी चेन मापात कापायची आणि ताणाची सोय करायची (प्रश्न ७ पाहा).

कॉग घेताना त्याचा बूड रुंद आहे ना ते बघा. जुन्या कॅसेटमधला सुटा पातळ कॉग चालतो, पण फ्रीहब अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर सगळा जोर एका अरुंद पट्टीवर येतो आणि कॉग फ्रीहबच्या खाचांमध्ये रुतत जातो. मी हे एकदा केलंय. सहा महिन्यांनी कॉग काढताना हातोडी घ्यावी लागली. स्टीलच्या फ्रीहबवर हा त्रास फारसा होत नाही.

खास सिंगल स्पीडसाठी बनवलेला मागचा हब लगेच घ्यायची गरज नाही. पुढे कधी नवं चाक बांधाल तेव्हा घ्या. त्याचा फ्रीहब आखूड असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या आऱ्यांचा ताण जवळपास सारखा राहतो आणि चाक मजबूत होतं.

७. चेन ताणायची कशी? डिरेलर तर काढला.

हे तुमच्या फ्रेमच्या मागच्या टोकावर अवलंबून आहे. चाक जिथे अडकतं ती खाच म्हणजे ड्रॉपआउट. खाच आडवी असेल तर चाक मागे ओढायचं, नट आवळायचे, झालं. काही फ्रेमना सरकते ड्रॉपआउट असतात: चाक जागच्या जागी आणि ड्रॉपआउटचा तुकडाच स्क्रूने पुढे-मागे होतो. काहींमध्ये बॉटम ब्रॅकेट (क्रँक, म्हणजे पायडलचे हात, ज्यावर फिरतो तो भाग) विकेंद्री असतो. क्रँकचा दांडा मध्यभागी नसून थोडा बाजूला असतो, तो फिरवला की क्रँक पुढे-मागे होतो. ही सोय सुटसुटीत, पण नीट साफ करून ग्रीस लावला नाही तर ती करकरते, आणि फिरवल्यावर सीट ते पायडल अंतर काही मिलिमीटर बदलतं.

बहुतेक गिअरच्या सायकलींची खाच मात्र उभी असते. मग चेन टेन्शनर लावावा लागतो: स्प्रिंगच्या जोरावर चेन दाबून धरणारी एक छोटी पुली, जी डिरेलरच्याच जागी बसते. चेनला वर ढकलणारा टेन्शनर खाली ढकलणाऱ्यापेक्षा बरा, कारण त्यात चेन कॉगच्या जास्त दात्यांना धरते. आधी नुसती चव घेऊन बघायची असेल तर जुना डिरेलरच राहू द्या. केबल काढा आणि लिमिटचे स्क्रू पिळून पुली बरोबर कॉगच्या रेषेत अडकवून टाका. मी पहिले तीन महिने असेच काढले.

८. उभ्या खाचेच्या फ्रेमवर टेन्शनरशिवाय चेन ताठ बसते असं ऐकलं. खरं का?

खरं, पण नशिबावर. पुढे-मागे दात्यांची एखादी जोडी अशी सापडते की चेन बरोबर मापात बसते. अशा जोडीला सायकलवाले ‘मॅजिक गिअर’ म्हणतात.

हिशेब करून बघू. चेनची एक कडी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. समजा क्रँकच्या मध्यापासून मागच्या आसापर्यंत ४३० मि.मी. आहे आणि गिअर ३२-२० आहे. वरचा आणि खालचा सरळ भाग मिळून ६७.७ कड्या, दोन्ही चक्रांच्या दात्यांची निम्मी बेरीज २६, आणि चक्रं लहान-मोठी असल्यामुळे आणखी ०.१. एकूण ९३.८ कड्या. ९४ कड्यांची चेन लावलीत तर ती दोनेक मि.मी. जास्त, म्हणजे थोडी सैल. नव्या चेनवर हे निभावतं.

चेन झिजली की मात्र गणित बिघडतं. अर्धा टक्का झीज म्हणजे अशी चेन सुमारे ६ मि.मी. लांब होते. ऐकायला थोडंसं वाटतं, पण वरचा भाग ताणलेला असताना ती सगळी ढिलाई खालच्या भागात जमते आणि चेन तीनएक सेंटिमीटर लोंबते. मग ती पडतेच, आणि नेमकी जोर लावलेला असताना. त्यामुळे मॅजिक गिअर माझ्या लेखी कसरत आहे. करून बघायला मजा, पण भरवसा ठेवू नये.

माप अर्ध्या इंचाने चुकत असेल तर हाफ लिंक घालता येते: एक टोक रुंद, एक अरुंद अशी सुटी कडी. तिचा एक सापळा आहे, तो प्रश्न ११ मध्ये.

९. चेन किती ताठ हवी?

खालच्या भागाच्या मधोमध बोटाने वर-खाली करा. साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. वीणेच्या तारेसारखी ताणू नका, बेअरिंगवर ताण येतो आणि पायडल मारताना घरघर जाणवते.

ही चाचणी एकाच जागी करू नका. क्रँक हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी करा. चेनरिंग अगदी काटेकोर गोल आणि मध्यभागी बसलेली नसते, त्यामुळे एका जागी चेन ताठ आणि दुसरीकडे सैल लागते. जिथे सगळ्यात ताठ असेल तिथे माप घ्या. फरक फार असेल तर चेनरिंगचे बोल्ट किंचित सैल करा, ताठ जागी चेनवर हलकेच टपली मारा, बोल्ट परत आवळा, पुन्हा बघा. दोन-तीनदा केलं की बराच फरक पडतो.

कॉग बदललात तर आस किती सरकेल? दर दात्याला सुमारे ३ मि.मी. खाचेत तेवढी जागा उरली नाही तर चेनच्या दोन कड्या कमी-जास्त करा, त्याने आस सुमारे १२.७ मि.मी. सरकतो.

१०. चेनलाइन म्हणजे काय आणि ती कशी जुळवू?

वरून बघितल्यावर चेन चेनरिंगपासून कॉगपर्यंत सरळ गेली पाहिजे, तिरकी नाही. गिअरच्या सायकलीत तिरकेपणा चालवून घ्यावाच लागतो. इथे तो चालवून घ्यायचं काही कारण नाही, आणि घेतलात तर आवाज, झीज आणि चेन पडणं हे सगळं एकदम येतं.

घरच्या घरी बघायचं असेल तर लांब, सरळ पट्टी चेनरिंगच्या दात्यांना टेकवून मागे कॉगपर्यंत न्या. कॉगचे दाते पट्टीच्या रेषेत आले की काम झालं. मापाने करायचं तर पुढे सीटच्या नळीच्या मध्यापासून चेनरिंगच्या दात्यांपर्यंत मोजा. जुन्या, तीन चेनरिंगच्या क्रँकवर मधल्या चेनरिंगचं हे अंतर बहुधा ४७ ते ५० मि.मी. भरतं, नव्या रुंद हबच्या सायकलींवर ५२ किंवा त्याहून जास्त. मागे कॉग तेवढ्याच अंतरावर यायला हवा. तो आत-बाहेर सरकवायचा तो स्पेसरची अदलाबदल करून. एक मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, दोनच्या वर गेला की पुन्हा खोलतो.

११. कोणती चेन आणि कोणती चेनरिंग घ्यावी?

आठ गिअरच्या सायकलीची साधी चेन बहुतेकांना पुरते. कॉग आणि चेनरिंगचे दाते जाड असतील तर १/८ इंच रुंदीची चेन लागते. ३/३२ इंचाची चेन जाड दात्यांवर बसत नाही, उलट मात्र चालतं. चेनरिंगवर गिअर बदलण्यासाठी केलेले उंचवटे आणि आखूड दाते नसावेत. ते चेन उतरवायलाच बनवलेले असतात आणि आपल्याला चेन उतरायला नको आहे. साधी, सगळे दाते सारखे असलेली चेनरिंग घेतलीत तर एका बाजूने झिजल्यावर उलटी लावून आणखी वापरता येते.

एकाआड एक जाड-बारीक दात्यांची ‘नॅरो-वाइड’ चेनरिंगही इथे चालते, चेन धरून ठेवते. पण तिच्यासोबत हाफ लिंक लावू नका. चेनच्या कड्या रुंद-अरुंद-रुंद अशा पाळीने येतात आणि जाड दाते रुंद कड्यांतच मावतात. एक हाफ लिंक घातली की कड्यांची संख्या विषम होते, पाळी मोडते आणि जाड दाता अरुंद कडीवर चढून बसतो. कॉग बदलून किंवा खाचेत आस सरकवून माप जुळवा, किंवा मग साधी चेनरिंग घ्या.

१२. सगळं नीट लावलं, तरी चेन पडते. का?

या क्रमाने बघा: चेन सैल (प्रश्न ९), चेनलाइन तिरकी (प्रश्न १०), उंचवट्यांची चेनरिंग (प्रश्न ११). हे तिन्ही ठीक असेल तर चेनरिंगचे बोल्ट ढिले आहेत का ते बघा, मग फ्रीहब हाताने आडवा हलतो का ते. एकदा मी आठवडाभर चेन आणि स्पेसर बदलत बसलो, आणि चेनरिंग वाकलेली निघाली. क्रँक उलटी फिरवून मागून पाहिलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं.

१३. जोर लावला की मागचं चाक खाचेत तिरकं होतं.

आडव्या खाचेचा हा जुना आजार. सिंगल स्पीडवर उभं राहून पायडल दाबता तेव्हा चेन चाकाला उजव्या बाजूने पुढे खेचते आणि टायर डावीकडच्या नळीला घासतो. क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक आवळायचा खटका) वापरत असाल तर आतल्या कॅमचा, स्टीलचा वापरा. बाहेरून उघडा दिसणारा कॅम वजनाला हलका असतो, पण पकडीला कच्चा. त्याहून चांगला उपाय म्हणजे नटांचा आस. खाच मागच्या बाजूने उघडी असेल तर उजवीकडे चेन टग लावा, तो आसाला मागून धरून ठेवतो. पेंट आणि ग्रीस खाचेवरून पुसून काढायला विसरू नका.

१४. डिस्क ब्रेक आहे. चाक सरकवलं की ब्रेक घासतो.

साहजिक आहे, डिस्क चाकाबरोबर सरकते आणि कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) जागेवरच राहतो. सरकत्या ड्रॉपआउटमध्ये कॅलिपर त्याच तुकड्यावर बसवलेला असतो, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही. विकेंद्री बॉटम ब्रॅकेटमध्ये चाक हलतच नाही. साध्या आडव्या खाचेवर मात्र दर वेळी कॅलिपरचे बोल्ट ढिले करून, ब्रेक दाबून धरून पुन्हा आवळावे लागतात. फार मागे गेलात तर पॅड डिस्कवर पूर्ण बसत नाहीत. तेव्हा खाचेच्या पुढच्या अर्ध्या भागातच आस राहील अशी चेन कापा.

१५. चढ चढायचा कसा? अर्ध्यावरच दम संपतो.

पहिलं, चढ पायथ्याशी सुरू होत नाही. तो आधीच्या उतारावर किंवा सपाटीवरच सुरू होतो. वेग घेऊन आत शिरा. पण पहिल्या वीस मीटरमध्येच सगळी ताकद उधळू नका. वेग आपोआप उतरत जाईल, तेव्हा बसून फिरवत राहा आणि पायडल जड होऊ लागायच्या जरा आधी उभे राहा. जड झाल्यावर उठलात तर उठण्यातच एक-दोन फेरे वाया जातात आणि चढावर तेच महाग पडतात.

उभं राहिल्यावर शरीराचं वजन पायडलवर पडू द्या, मांडीने दाबू नका. उजवा पाय खाली जाताना उजव्या हाताने हँडल वर ओढा, डावा जाताना डाव्याने. म्हणूनच सिंगल स्पीडवाल्यांना रुंद हँडल आवडतं. सायकल थोडी डावी-उजवी झुकेल, झुकू द्या. पायडल सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असतं तेव्हा जोर लागत नाही. ती जागा घाईने ओलांडायची नाही, शरीराच्या झोक्याने ओलांडायची. लय सापडली की मिनिटाला ४५-५० फेऱ्यांवरही बराच वेळ टिकता येतं.

मागचं चाक घसरत असेल तर तुम्ही फार पुढे गेला आहात. कंबर मागे, सीटच्या टोकाच्या वर आणा आणि कोपरं वाकवा. हळू वेगात जोर धक्क्याधक्क्याने पडतो, म्हणून सैल खडीवर जोराचा धक्का द्यायचं टाळा, तो पुढच्या घट्ट दगडासाठी राखून ठेवा. टायरमधली हवा थोडी कमी केल्यानेही पकड वाढते.

आणि दम संपला तर उतरा. शेवटचे दहा मीटर दात-ओठ खाऊन चढलात तर पुढची दोन मिनिटं काहीच करता येत नाही. चालत गेलात तर वर पोहोचताच स्वार होता येतं. शर्यतींत सिंगल स्पीडवाले सायकल ढकलत पळताना दिसतात ते याच हिशेबाने.

१६. सपाटीवर आणि उतारावर काय करायचं?

सपाटीवर थोडं फिरवा, थोडं सोडून द्या, पुन्हा फिरवा. सलग ११० फेरे मारत राहण्यात शहाणपण नाही. उतारावर पायडल मारायचंच नाही. वेग वाढवायचा तो वळणात कमी ब्रेक मारून आणि खड्ड्यांवर शरीराने दाब देऊन. मी उतार नीट उतरायला शिकलो ते सिंगल स्पीडमुळेच, कारण गमावलेला वेग परत मिळवायला दुसरं साधन नव्हतं.

१७. गिअरवाल्यांबरोबर जाता येतं का?

येतं, पण चढावर त्यांच्या मागे चिकटून राहू नका. ते हलका गिअर टाकून संथ चढतात आणि तुम्हाला तेवढं संथ जाताच येत नाही. चढ यायच्या आधीच पुढे जाऊ द्या म्हणावं, नाहीतर मोठं अंतर सोडून मागून या. सपाटीवर ते थांबतील. थांबले नाहीत तर ताशी २५ च्या वर तुम्ही त्यांना गाठणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

१८. गुडघ्याला त्रास होईल का?

गिअर जड आणि बसून दाबायची सवय, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर होऊ शकतो. सीटची उंची बरोबर ठेवा, कमी उंच सीट गुडघ्याच्या पुढच्या बाजूला भारी पडते. जड लागलं की उभे राहा. पहिले काही आठवडे एक दाता हलका गिअर लावा. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर गिअर बदला, आणि आधीपासून गुडघ्याचा आजार असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

१९. फुल सस्पेन्शन सायकल सिंगल स्पीड करता येते का?

टेन्शनर लावून, हो. मागचा सस्पेन्शन दबला की बहुतेक रचनांमध्ये क्रँक आणि आस यांमधलं अंतर बदलतं, त्यामुळे ठरावीक लांबीची ताठ चेन तिथे टिकत नाही. मागच्या भागाचा पिव्हट (ज्याभोवती तो भाग हलतो तो सांधा) बरोबर बॉटम ब्रॅकेटभोवती असेल तर अंतर बदलत नाही आणि टेन्शनर लागत नाही, पण अशा फ्रेम थोड्या आहेत. मी स्वतः पुढे सस्पेन्शन आणि मागे ताठ फ्रेम एवढ्यावर समाधानी आहे.

२०. घरून वाटेपर्यंत रस्ता आणि पुढे डोंगर. दोन गिअर ठेवता येतील का, हाताने बदलायचे?

येतील, आणि युक्ती मजेची आहे. पुढे दोन चेनरिंग आणि मागे दोन कॉग अशा निवडा की दोन्ही जोड्यांची बेरीज सारखी येईल. उदाहरणार्थ ३४-१८ आणि ३२-२०, दोन्हींची बेरीज ५२. मग चेनची लांबी जवळजवळ तीच लागते. चाक ढिलं करायचं, चेन हाताने एका जोडीवरून दुसरीवर टाकायची, चाक परत आवळायचं. मोठी चेनरिंग आणि छोटा कॉग दोन्ही बाहेरच्या बाजूला हवेत, म्हणजे दोन्ही जोड्यांची चेनलाइन सरळ राहील.

२१. चेनऐवजी बेल्ट लावता येईल का?

बेल्ट जोडता-तोडता येत नाही, त्यामुळे फ्रेमचा मागचा त्रिकोण एका जागी उघडणारा असावा लागतो. तशी फ्रेम नसेल तर विषय मिटला. असेल तरी बेल्टला रेषेचा तिरकेपणा चेनपेक्षा फारच कमी सोसतो, आणि गिअर बदलायचा म्हणजे पुली आणि पुष्कळदा बेल्टही नवा. गिअर पक्का ठरला असेल आणि तेलकट हातांचा कंटाळा असेल तरच.

२२. देखभाल खरंच नसते का?

कमी असते. चेन पुसून तेल लावा, ताण बघा, बोल्ट आवळा. चेनच्या २४ कड्या मोजा: नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरल्या की चेन बदला, म्हणजे कॉग आणि चेनरिंग दीर्घकाळ टिकतील. फ्रीहबमधून टिकटिक नाहीशी झाली किंवा जोर लावताना पायडल क्षणभर सुटल्यासारखं वाटलं तर तो लगेच खोलून बघा. उभं राहून जोर लावताना फ्रीहब सुटला तर तोंडावर आपटायला वेळ लागत नाही.

२३. सिंगल स्पीडच्या वेगळ्या शर्यती असतात का?

बऱ्याच माउंटन बाइक शर्यतींत वेगळा गट असतो. शिवाय एक जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही आहे, अर्थात अनधिकृत. कोणत्याही सायकल महासंघाचा तिच्याशी संबंध नाही, लोक चित्रविचित्र वेशात येतात आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून अंगावर टॅटू गोंदवून घ्यावा लागतो. २०१० ची स्पर्धा न्यूझीलंडमधल्या रोटोरुआला झाली होती.

२४. सामान लादून अनेक दिवसांच्या प्रवासाला नेता येईल का?

लोक नेतात. कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेपर्यंतची टूर डिव्हाइड, चार हजारांहून जास्त किलोमीटरची, सिंगल स्पीडवर पूर्ण करणारे आहेत. सामान असताना रोजच्यापेक्षा मागे एक किंवा दोन दाते वाढवा, तिसऱ्या दिवशीचे पाय पहिल्या दिवसासारखे नसतात. चेन तोडायचं अवजार, दोन क्विक लिंक (चेन चटकन जोडायच्या सुट्या कड्या), आसाच्या नटांचा पाना आणि एक जास्तीचा कॉग सोबत घ्या. कॉग काढायचं लॉकरिंगचं अवजार घरी विसरून जास्तीचा कॉग पाच दिवस नुसता वाहून नेण्याचा पराक्रम माझ्या नावावर आहे.